कुठं चढली, कुठं उतरणार?

आमच्या कोरेगावच्या चर्चमध्ये उपदेशाला उभा राहिलेला माणूस दोघांना भ्यायचा. एक देवाला आणि दुसरं, डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावरून येणाऱ्या 'टक्' अशा आवाजाला. देवाची भीती सवयीनं जरा कमी होते, असा माझा अनुभव आहे. त्या आवाजाची मात्र कधीच झाली नाही.

आवाज तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याचा, आणि चिमटा शांतवनकाका साळव्यांचा. काकांनी उभी हयात एस.टी.त कंडक्टरकी केली. तिकिटाची मशिनं आली तेव्हा जुना, स्प्रिंग ढिला झालेला चिमटा डेपोत कुणालाच नको होता. तो त्यांनी मागून घेतला आणि बायबलाच्या पिशवीत टाकला. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही 'पंच' म्हणतो. असे पंच आमच्याकडं पाच. पण लोक भ्यायचे त्या सहाव्या पंचाला, आणि तो लोखंडाचा होता.

नाव शांतवन, पण माणूस शांत असलेला मी फक्त जेवताना पाहिलाय. बुटका, गोल, पिंढऱ्या पैलवानासारख्या. उभे राहिले की पाय फाकवून, कशालाही न धरता, डावी-उजवीकडं किंचित डुलत. सातारा-कोयनानगर गाडीवर घाटातल्या वळणांनी ही सवय लावलेली. मी पेटी वाजवतो (म्हणजे वाजवतो असं मी म्हणतो), त्यामुळं माझं तोंड कायम लोकांकडं असतं. मला तिथून स्पष्ट दिसायचं, की चर्च जागेवर आहे आणि काका घाटात आहेत.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, चार गावांना मिळून एक. महिन्यातून एक रविवार आमच्या वाट्याला. बाकीच्या रविवारी पंचांपैकी कुणीतरी बोलायचं आणि उपासना सुटल्यावर मागच्या खोलीत काकांचा शास्त्राभ्यासाचा (आमच्याकडं शास्त्र म्हणजे बायबल) वर्ग भरायचा. त्या खोलीला सगळे डेपोच म्हणायचे.

डेपोचा नियम एकच. बायबलातल्या प्रत्येक वाक्याला क्रमांक असतो. त्याला आमची जुनी माणसं ओवी म्हणतात. कुणी एखादी आवडती ओवी उचलून काही सिद्ध करू लागला, की 'टक्'!

"कुठं चढली?"

म्हणजे ही गोष्ट सुरू कुठून झाली, ते वाचा.

"कुठं उतरणार?"

म्हणजे पुढं कुठं जाऊन संपते, ते वाचा.

"बरोबर कोण हाय?"

म्हणजे वरची ओवी आणि खालची ओवी वाचा. एवढं सांगता आलं नाही, तर काका जाहीर करायचे, "विनातिकीट! खाली उतरवा तिला."

एकदा पुण्याकडून एक पाहुणे उपदेशक आले. बूट असे चकाकत होते, की पहिल्या बाकावरच्या बायकांनी त्यात बघून पदर सारखे केले. प्रभूच्या बळावर मी काहीही करू शकतो, असं बायबलात पौल नावाच्या प्रेषितानं एका पत्रात लिहिलंय, ती ओवी त्यांनी घेतली आणि तिच्या आधारानं आम्हाला प्लॉट दिला, चारचाकी दिली, एकाच्या मुलाला कॅनडालाही धाडलं. लोक खूश. विमान उतरायच्या आत 'टक्'.

"पाहुणं, हिच्या आधीच्या सीटवर कोण बसलंय, तेवढं वाचा की."

पाहुण्यांनी पान उलटलं. पौल म्हणत होता, की मला पोटभर खाऊनही राहता येतं आणि उपाशीही राहता येतं.

"पौल तुरुंगात हाय, पाहुणं," काका डुलत म्हणाले. "उपाशी राहायचं बळ मिळालं म्हणतोय बिचारा. तुमी त्याला डायरेक चारचाकीत बसवला."

नंतर त्याच पाहुण्यांना काकांनी घरी नेलं, मटण वाढलं, स्वतः स्टँडवर जाऊन खिडकीच्या सीटवर रुमाल टाकला. गाडी हलल्यावर मला म्हणाले, "माणूस चांगला हाय रं. त्याला कुणी कवा तिकीट विचारलंच न्हाई."

लांबलचक प्रार्थनेलाही त्यांचा विरोध होता. आमचे बापू रणपिसे मुख्य पंच. ते प्रार्थनेला उभे राहिले, की आदामापासून सुरुवात करून तालुक्यातल्या प्रत्येक आजाऱ्याचं नाव घ्यायचे. एका रविवारी बापूंची गाडी ऐन भरात असताना कोयनेच्या बाजूनं भूकंपाचा हलका धक्का आला. पत्रा थरथरला, माझ्या पेटीतून नुसताच एक सूर निघाला. बापूंनी डोळे उघडले नाहीत. तेव्हा तिसऱ्या बाकावरून शांत आवाज आला, "बापू, वरनं सिंगल बेल आली. थांबवा आता."

एस.टी.त एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. बापू 'आमेन' म्हणून खाली बसले.

आता सुधाकर गायकवाडची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

सुधाकरचं पाइपांचं दुकान. पन्नाशीचा, सढळ हाताचा, पटकन रुसणारा माणूस. साखरेचा आजार जुना, सकाळ-संध्याकाळ गोळ्या. त्यानं वडिलांच्या आठवणीसाठी चर्चला छताचा पंखा दिला. तीन पात्यांवर लाल रंगात तीन शब्द रंगवून घेतले: 'ख्रिस्तवासी' (म्हणजे आमचं कैलासवासी), 'रघुनाथ', 'गायकवाड'. भानगड अशी, की मोकळा हूक एकच होता आणि तो मागच्या दाराशी, जिथं लोक चपला काढतात तिथं. बापूंनी पंखा तिथं टांगला.

"माझा बाप चपलांवर टांगला," सुधाकर म्हणाला.

तेवढ्यावरही निभावलं असतं. पण मे महिना आला आणि लोकांनी पंखा लावला. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येईना. सुधाकर उठून बंद करायचा, घामाघूम झालेलं कुणीतरी पुन्हा चालू करायचं. त्यात पंखा थांबायचा तो मनाला येईल त्या पात्यावर. एका पाहुण्यानं चपला काढताना वर बघून मोठ्यानं वाचलं, "गायकवाड ख्रिस्तवासी!" आणि समोर उभ्या असलेल्या सुधाकरकडं घाबरून बघितलं.

काका म्हणाले, "बघ, कुठं चढायचं ते न कळता वाचलं की जित्या माणसाचं मडं होतं."

सगळे हसले. सुधाकर हसला नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरी बसून तो मोबाईलवर एका दूरच्या उपदेशकाला ऐकू लागला. चमकीचा कोट, मोठी मिशी, मागं निळा धूर. त्यांना तो 'भाऊ' म्हणायचा. भाऊंना कोरेगाव माहीत नव्हतं, पण सुधाकरला वाटायचं की ते थेट आपल्याशी बोलतायत.

काका दोनदा त्याच्या दुकानी जाऊन आले. "आरं, मंडळी म्हंजे एस.टी. हाय. खिडकी पायजे तर शेजारणीच्या मांडीवरची कोंबडीबी सोसाय लागती. घरात बसून एकट्याचा परवास होतो व्हय?" सुधाकरनं पाइप मोजत असल्याचं नाटक केलं. काका परत येताना म्हणाले, "चुकलंच माझं. त्या दिवशी पंख्यावर हसाय नको हुतं." काकांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी तेव्हाच ऐकला.

सुधाकरच्या शेजारी अण्णांचं बियाण्याचं दुकान. अण्णा जैन, मूळचे सांगलीकडचे, सुधाकरच्या सासुरवाडीच्याच गावचे. दिवस मावळायच्या आत जेवणारे, आणि त्यानंतर फक्त बातम्या पचवणारे. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चच्या सगळ्या माणसांना मिळून 'मंडळी' म्हणतो. पण बाकीच्या महाराष्ट्रात 'आमची मंडळी' म्हणजे कोण, हे मी सांगायला नको. तर एका सकाळी चहा पिताना सुधाकर म्हणाला, "अण्णा, आपण मंडळी सोडली."

अण्णांचा कप ओठाशी थांबला. "सोडली?"

"कायमची. पंचवीस वर्षं सोसलं. काय मान न्हाई, किंमत न्हाई. एवढ्या हौसेनं पंखा आणला, तर त्योबी धड लावू देत न्हाईत."

"पंख्यावरनं सोडली?"

"पंखा निमित्त हो. मन उडालं."

"मग आता?"

"आता मोबाईलवर जमलंय. लय शांती, अण्णा! रोज सकाळी सहाला. मी आपला डोळं मिटून ऐकत बसतो. कवा कवा रडूबी येतं."

"आणि... घरात माहीत हाय?"

"मंगलला? तिला म्हणलं, तूबी बस की माझ्याशेजारी, ऐक. तर बसत न्हाई."

अण्णांनी कप खाली ठेवला, दुकानाच्या आत जाऊन सांगलीकडं फोन लावला आणि सांगितलं, "तुमच्या दाजींनी मंगलला सोडली. मोबाईलवर दुसरी हाय. सकाळी सहाला असती."

दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला मंगलवहिनींचे तीन भाऊ जीप घेऊन दारात. पुढचं मंगलवहिनींनी आम्हाला इतक्या वेळा करून दाखवलंय, की मी तिथं नव्हतो हे मला आठवून घ्यावं लागतं. त्या भाकरी थापत होत्या. थोरला भाऊ म्हणाला, "तू गप. कुठाय त्यो?"

सुधाकर आतल्या खोलीत मोबाईलपुढं बसलेला. कानात वायरी, डोळे मिटलेले, गालावरून अश्रू. थोरल्यानं रंगेहाथ पकडला. मोबाईल हिसकावून पडद्यात बघितलं. चमकीचा कोट, हातभर मिशी. थोरला बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही?"

मंगलवहिनींनी काकांना बोलावणं धाडलं. मी रविवारची गाणी विचारायला त्यांच्याकडंच गेलो होतो, म्हणून बरोबर निघालो. सगळा प्रकार कळल्यावर काका उंबऱ्यावर बसून पोट धरून हसले. अण्णाही येऊन कोपऱ्यात उभे होते. "व्हय की! शब्द चढला चर्चात आन् उतरला सैपाकघरात! अण्णा, तुमी लय मोठं प्रवचनकार व्हाल."

हसता हसता काका थांबले. नाक वर केलं आणि खाली सुधाकरच्या पायाकडं बघितलं. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं.

"पायाला काय रं?"

"काय न्हाई. पाइप पडला होता."

"कवा?"

"झाला असंल महिना."

"महिना? आन् गोळ्या?"

मंगलवहिनी म्हणाल्या, "बंद केल्यात, काका. ते कोटवालं म्हणत्यात, इश्वास असला की गोळ्या गटारात टाकायच्या. ह्यांनी टाकल्या. माझं ऐकत न्हाईत."

खोलीतला सगळा विनोद एकदम संपला. काका उठले. त्या दिवशी ते डुलत नव्हते.

"सुधाकर, त्यो तुझा भाऊ तुला रोज बघतो?"

"रोज बोलत्यात."

"बोलू दे. बघतो का?"

"...न्हाई."

"मी दारातनं आत आलो आन् मला वास आला. त्याला मोबाईलातनं वास येतो व्हय रं?"

सुधाकरनं फडक्याचा पाय मागं ओढला. काका मेहुण्यांकडं वळले. "मारायचं राहू द्या. गाडी आणलीया, तर दवाखान्यात घ्या."

सातारा अर्ध्या तासावर असताना जीप निघाली मिरजेला. सांगलीकडच्या माणसाला आजार कुठंही होवो, तो बरा मिरजेतच होतो, अशी त्यांची श्रद्धा. तिच्यापुढं काकांचंही चाललं नाही. ज्या जीपमध्ये सुधाकरला घालून न्यायचं ठरलं होतं, तिच्यातच तो गेला; फक्त कारण बदललं. काका आणि मीही मागं चढलो. वाटेत त्यानं एकदा झुंज दिली. "काका, इश्वासानं माणसं बरी झाली, असं शास्त्रातच हाय."

"हाय की. आन् निरोग्याला वैद्य लागत न्हाई, आजाऱ्याला लागतो, हे कोण म्हणालं?"

"प्रभू."

"आता मीच तुला तिकीट दाखवतो. ती ओवी दवाखान्याची न्हाई. पापी लोकांच्या पंगतीत प्रभू जेवाय बसलं, त्यावरनं चढलेली हाय. पण वैद्य जर गटारात टाकायचा असता, तर प्रभूनं दाखला म्हणून घेतला असता का?"

कऱ्हाड आलं. मग सुधाकर म्हणाला, "हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

"सांगणाऱ्याकडं तू यायचाच बंद झालास गड्या."

अंगठा वाचला. शेजारची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाय गेला असता, आणि पायावर थांबलं असतं याचीही खात्री नव्हती. ऑपरेशनच्या आधी सुधाकरनं भाऊंच्या प्रार्थनेच्या नंबरवर फोन लावला होता. एका गोड बाईनं सांगितलं, की तुमची प्रार्थना आमच्यासाठी महत्त्वाची आहे, कृपया रांगेत थांबा. मग बासरी. तो बासरी ऐकत असतानाच त्याला आत नेलं.

रविवारी उपासना आटोपून आम्ही अकराजण पॅसेंजरनं मिरजेला गेलो. वॉर्डात उकडत होतं. बायकांनी डबे उघडले, नर्सबाई ओरडल्या, बायकांनी नर्सबाईंनाही भाकरी दिली. सगळ्यात मागून बापू रणपिसे आले. काखेत घरचा टेबलफॅन. त्यांनी तो कॉटशेजारी ठेवला, बटण दाबलं आणि सुधाकरकडं न बघता म्हणाले, "ह्याच्यावर नाव न्हाई. बघून घे."

सुधाकर आधी हसला आणि मग रडला. ह्या वेळी त्याचे डोळे उघडे होते.

दोन महिन्यांनी तो चर्चला आला. चाल बदलली होती. काकांनी त्या दिवशी डेपोत पौलाचाच दाखला काढला: डोकं पायाला म्हणू शकत नाही, की तू मला नकोस. नेहमीप्रमाणं वरची-खालची ओवी वाचून घेतली आणि विचारलं, "आता ह्याचा अर्थ कोण सांगतो?" सुधाकर म्हणाला, "दोन बोटांनी सांगितलाय, काका. पुढं चला." डेपोत त्याला तिकीट न विचारण्याची ती पहिलीच वेळ.

एक मात्र झालं. सुधाकरचं मन राखायचं म्हणून बापूंनी मागचा पंखा बंद ठेवायचा हुकूम काढला. आम्ही सगळे प्रेमानं घामाघूम होत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात, कोयनेच्या घाटात ज्या माणसानं कधी दांडा धरला नाही, तो घरच्या मोरीत घसरला. खुब्याचं हाड मोडलं. काका खाटेला खिळले, मग खुर्चीत आले; पण चर्चला यायला तयार होईनात. मी आणि सुधाकर न्यायला गेलो, तर म्हणाले, "मला मोबाईल लावून द्या. हितंच ऐकतो. चांगला एखादा उपदेशक बघा, म्हंजे झालं."

सुधाकरनं फळीवरची पिशवी काढली, तिच्यात हात घातला. टक्.

"सिंगल बेल, काका."

"आरं, चौघांनी खुर्चीसकट उचलाय लागंल मला. मड्यावाणी. लोकं बघत्याल."

"शेजारणीची कोंबडी सोसायची म्हणलावता न्हवं? मग आमी तुमची खुर्ची सोसतो की."

काकांना त्यांच्याच चिमट्यानं पकडलं होतं. शेवटी म्हणाले, "डुलू देऊ नका. आता सोसत न्हाई."

एका बाजूनं सुधाकर, लंगडत. दुसऱ्या बाजूनं बापू. मागं मी, आणि चौथा माणूस मिळेना म्हणून अण्णा. "आज मी काय ऐकायचं न्हाई, काय सांगायचं न्हाई," अण्णा वाटभर म्हणत होते, "नुसतं उचलायचं."

तो काकांचा चर्चमधला शेवटचा रविवार ठरला, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. खुर्ची बाकांच्या मधून जाईना, म्हणून ती मागंच ठेवली, दाराशी, चपलांजवळ. तिसऱ्या बाकावरचा माणूस पहिल्यांदाच शेवटी बसला. ऊन रणरणत होतं. काकांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि वर तीन पाती गप्प उभी होती.

सुधाकर उठला. बापूंनी हात करून त्याला थांबवायला बघितलं, पण तो भिंतीपर्यंत गेला, बटण दाबलं आणि रेग्युलेटर पाचवर फिरवला. 'ख्रिस्तवासी' हललं, 'रघुनाथ' त्याच्या मागं पळालं, 'गायकवाड' दोघांत मिसळलं आणि सगळं मिळून एक लाल चक्र झालं.

काकांची नजर अधू झाली होती. ते मान मागं टाकून वर बघत राहिले.

"काय लिवलंय रं त्याच्यावर?"

सुधाकरनं वर बघितलं.

"काय न्हाई, काका. वारा हाय नुसता."

काकांनी डोळे मिटले. मांडीवरच्या पिशवीत त्यांचा हात चाचपडला, आणि मागच्या दारापासून पुढं माझ्यापर्यंत स्पष्ट आवाज आला. टक्, टक्.

मी पेटीचा भाता ओढला.